पाचाचं तीन झालं, मग काळजी मिटली का?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत फ्लोरिडात, टॅम्पाजवळ राहतात. २०२४ च्या ऑक्टोबरात मिल्टन वादळ आलं तेव्हा दोन दिवस टीव्हीवर ‘कॅटेगरी ५’चा धोशा चालला होता. आम्ही इथे देव पाण्यात घालून बसलो होतो. १० तारखेला सकाळी टीव्ही लावला तर सगळ्या चॅनलवर रतन टाटा गेल्याची बातमी, आणि वादळ खालच्या पट्टीत : ‘कॅटेगरी ३ होऊन धडकले’. पोरं सुखरूप राहिली. पण आता जावई म्हणतात, पुढच्या वेळी तीन असेल तर घर सोडायचं नाही, उगाच हॉटेलचा खर्च. हा आकडा ठरवतं कोण? एका दिवसात पाचाचं तीन कसं होतं? आणि जावयांचं म्हणणं बरोबर आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तेच तातडीचं आहे. जावयांचं बरोबर नाही. तुम्ही सासू म्हणून सांगितलंत तर त्यांना राग येईल, तेव्हा सरळ या पानाचा फोटो काढून पाठवा. रोष माझ्यावर येऊ दे.

मी फ्लोरिडात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. वादळ येऊन गेलं की घरं बघायला जायचं, काय टिकलं, काय मोडलं आणि का मोडलं ते लिहून द्यायचं, हे माझं काम. त्यामुळे कॅटेगरीचा आकडा माझ्या रोजच्या वापरातला आहे, आणि लोक त्याचा जो अर्थ लावतात त्यावर माझी चिडचिडही रोजचीच.

गंमत म्हणजे हा आकडा मुळात आमच्याच धंद्यातल्या माणसाने काढलेला. हर्बर्ट सॅफिर हे फ्लोरिडातले स्ट्रक्चरल इंजिनिअर. १९६९ मध्ये संयुक्त राष्ट्रांसाठी वादळी भागातल्या स्वस्त घरांचा अभ्यास करताना त्यांनी एक ते पाच अशी यादी केली, किती वाऱ्याला घराचं काय होतं याची. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचे तेव्हाचे प्रमुख रॉबर्ट सिम्पसन यांनी त्यात समुद्र किती फूट चढेल याचा अंदाज जोडला. पुढची कित्येक वर्षं वारा आणि पाणी एकाच आकड्यात नांदत होते. पण ते गणित जुळेना. लहान आकड्याची वादळं प्रचंड पाणी आणायची आणि मोठ्या आकड्याची कधीकधी कमी. शेवटी २०१० मध्ये पाणी त्यातून काढूनच टाकलं.

म्हणजे आज कॅटेगरी सांगते ती फक्त वाऱ्याची. तोही कुठला? जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा, एका मिनिटाची सरासरी धरलेला, आणि अख्ख्या वादळात ज्या ठिकाणी सर्वांत जास्त असेल तिथला. ताशी ११९ किलोमीटरला एक सुरू होते, १५४ ला दोन, १७८ ला तीन, २०९ ला चार, २५२ ला पाच. सहा नाही. तीनपासून पुढच्याला ‘मेजर’ म्हणतात. तो सर्वांत जोराचा वारा वादळाच्या डोळ्याभोवतीच्या, म्हणजे मधल्या शांत भागाभोवतीच्या, ढगांच्या भिंतीत, बहुधा एका बाजूलाच असतो. तुमच्या मुलीच्या गल्लीत तो येईलच असं नाही, आणि वादळाची रुंदी, पाऊस, पाणी यांतलं काहीही त्या आकड्यात नाही.

ठरवतं कोण? समुद्रावर तर कुणी यंत्र रोवून बसलेलं नसतं. मिसिसिपीतल्या बिलॉक्सीच्या हवाई तळावरून हवाई दलाची विमानं निघतात. शिवाय हवामान आणि समुद्र बघणाऱ्या अमेरिकेच्या नोआ या संस्थेची दोन जुनी चार पंख्यांची विमानं आहेत, एकाचं नाव कर्मिट, दुसरीचं मिस पिगी. एवढ्या गंभीर कामाला बाहुल्यांची नावं, हे मला फार आवडतं. ही विमानं साधारण दहा हजार फुटांवरून वादळाच्या आरपार जातात, डोळ्यातून पलीकडे, मग वळून परत. जाताना खाली एक नळी सोडतात, ड्रॉपसाँड म्हणतात तिला. ती छोट्या पॅराशूटला लटकत समुद्रात पडेपर्यंत दाब, तापमान, बाष्प, वारा कळवत राहते. मिल्टन ऐन भरात असताना, ८ ऑक्टोबरला, अशाच एका फेरीत पीटर डॉज या शास्त्रज्ञाच्या अस्थी डोळ्यात विसर्जित केल्या. आयुष्यभर वादळांच्या डोळ्यांतून उडालेला माणूस तो. अहवालात तशी नोंदही झाली.

विमान पोचत नाही तिथे उपग्रहाच्या चित्रावरून ताकद ओळखायची पद्धत आहे, १९७० च्या दशकात व्हर्नन ड्वोरॅक यांनी बसवलेली. ढगांचा आकार, डोळा किती स्वच्छ, वरचे ढग किती थंड, यावरून गुण द्यायचे. या सगळ्यातून मायामीत बसलेला माणूस एक आकडा ठरवतो आणि पाचाच्या पटीत लिहितो. ताशी ११० मैल असेल तर कॅटेगरी दोन, ११५ असेल तर तीन. ११२ कधीच लिहीत नाहीत. आणि या अंदाजात दहा टक्के इकडेतिकडे सहज होतं. म्हणजे दोन आणि तीन यांच्यात जे अंतर आहे ते मोजमापाच्या चुकीतही मावतं, आणि त्यावर आपण घर सोडायचं की नाही ते ठरवायला बघतो!

२०१८ मध्ये मायकल वादळ मेक्सिको बीच या गावाजवळ धडकलं तेव्हा ते कॅटेगरी चार होतं. सहा महिन्यांनी कागदपत्रं नीट तपासल्यावर ते पाच ठरलं. १९९२ च्या अँड्र्यूला चाराचं पाच व्हायला दहा वर्षं लागली. घरं जी मोडायची ती केव्हाच मोडली होती.

आता पाचाचं तीन कसं होतं ते. मिल्टनला ५ ऑक्टोबरला नाव मिळालं आणि ७ तारखेला ते ताशी २८५ किलोमीटरवर गेलं. मेक्सिकोच्या आखातात त्या दिवसांत पाणी कोमट होतं, आणि नुसतं वरवर नाही, खोलपर्यंत. वादळ पाणी घुसळतं. वरचा थर गरम आणि खाली गार असेल तर ते घुसळून स्वतःच स्वतःचा विस्तव विझवतं. खालीही गरमच असेल तर विझत नाही. चोवीस तासांत वारा ताशी ५५ किलोमीटरने वाढला तर त्याला झपाट्याने बळावणं म्हणतात. मिल्टनने ही रेघ केव्हाच मागे टाकली होती.

जोर उतरायला कारणं तीन-चार असतात. एक, डोळ्याभोवतीची भिंत फार आवळली की तिच्या बाहेर दुसरी भिंत उभी राहते आणि आतलीची रसद तोडते. आतली विरते, बाहेरची तिची जागा घेते. त्या काळात वारा उतरतो, पण वादळ रुंद होतं. पुढे परत चढूही शकतं. मिल्टन तसंच ८ तारखेला चारावर येऊन संध्याकाळी परत पाचावर गेलं होतं. दोन, वरच्या थरातला वारा वेगळ्या दिशेने वाहत असेल तर वादळाचं डोकं एकीकडे आणि धड दुसरीकडे होतं. तीन, कोरडी हवा आत शिरते. किनाऱ्याजवळ येताना मिल्टनच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी आल्या, आणि ९ तारखेला रात्री साडेआठला, म्हणजे आपल्याकडे पहाट उलटत असताना, सिएस्टा की या बेटाजवळ ते कॅटेगरी तीन म्हणून उतरलं. किनाऱ्याजवळचं पाणी उथळ आणि गार असणं हे चौथं कारण. जमीन लागल्यावर तर खाणंच बंद.

छपराच्या दृष्टीने ही खरोखर मोठी सुटका असते, हे मान्य करायला हवं. वारा दुप्पट झाला की दाब चौपट होतो. मिल्टनचा वारा २८५ वरून १९० च्या आसपास आला म्हणजे घरावरचा दाब निम्म्याहून कमी झाला. मी ज्या घरांच्या पाहण्या करते त्यांत बहुतेक वेळा पहिला जातो तो गॅरेजचा दरवाजा. पातळ पत्र्याचा, सोळा फूट रुंद. तो आत वाकतो, रुळातून निसटतो आणि वारा घरात घुसतो. वरून छपराला वारा ओढत असतोच, आता आतूनही ढकलायला लागतो. मग ते छप्पर भिंतीला कशाने धरलंय यावर सगळं येतं. अँड्र्यूच्या वेळी दक्षिण मायामीत प्लायवूड ठोकलेल्या पिना कैचीच्या, म्हणजे छपराच्या सांगाड्याच्या, लाकडात बसल्याच नव्हत्या, शेजारून हवेत गेल्या होत्या, असं घरामागून घर सापडलं. त्यानंतर नियम कडक झाले, आणि २००२ पासून राज्यभर एकच बांधकाम संहिता लागू झाली. आता कैची आणि भिंत यांना जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पट्टीने बांधतात. हाताच्या बोटाएवढी रुंद पट्टी, किंमत फुटकळ, पण ती आहे की नाही हे बघायला मी माळ्यावर पोटावर सरपटत जाते. जावयांचं घर २००२ नंतरचं असेल, दरवाजे-खिडक्या प्रमाणित असतील, तर तीनच्या वाऱ्यात ते बहुधा उभं राहील. इथवर त्यांचा हिशेब बरोबर आहे.

चुकतो तो पाण्याशी. ताई, तुम्ही सांगलीच्या. कृष्णा चढायला लागली की तुमच्याकडे कुणी पाऊस किती मिलिमीटर झाला असं विचारत नाही, आयर्विन पुलाजवळ किती फूट झालं ते विचारतात. फ्लोरिडातही विचारायचं ते फूटच.

मिल्टनच्या दोनच आठवडे आधी, २६ सप्टेंबरला, हेलीन वादळ टॅम्पापासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास उत्तरेला, पेरी गावाजवळ धडकलं. टॅम्पात त्या रात्री वारा काही फार नव्हता. पण हेलीन अवाढव्य होतं, आणि जाता जाता त्याने समुद्र टॅम्पाच्या उपसागरात ढकलला. सहा-सात फूट पाणी चढलं, तिथला गेल्या काही दशकांतला विक्रम. माणसं आपापल्या घरात बुडून गेली, ज्यांच्या छपराचं कौलही हललं नव्हतं. मिल्टन आलं तेव्हा त्या घरांतले भिजलेले सोफे, गाद्या, भिंतींचे तुकडे अजून रस्त्याच्या कडेला ढिगाने पडले होते.

आणि मिल्टन? ते टॅम्पाच्या दक्षिणेला उतरलं. आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे टॅम्पाला तो जमिनीकडून समुद्राकडे मिळाला आणि उपसागराचं पाणी उलट बाहेर ओढलं गेलं. समुद्राचं पाणी चढलं ते दक्षिणेकडच्या गावांत. वादळाचा मध्य थोडा उत्तरेला उतरला असता तर हेच कॅटेगरी तीन टॅम्पाला फार महागात पडलं असतं. पोरं वाचली ती आकडा उतरल्यामुळे जेवढी, त्याहून जास्त वादळाची वाट सरकल्यामुळे. शिवाय पलीकडे सेंट पीटर्सबर्गमध्ये अठरा इंचांहून जास्त पाऊस पडला, बेसबॉलच्या मैदानाचं कापडी छप्पर फाटलं. सेंट लूसी काउंटीत सहा जण गेले. तेही राज्याच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, वादळ उतरलं तिथून दोनशे किलोमीटरवर, आणि ते उतरायच्या काही तास आधी, दुपारी उठलेल्या टोर्नाडोने. त्या सहा जणांना कॅटेगरी किती याने काय फरक पडणार होता?

पाचाचं तीन झाल्याचं सर्वांत वाईट उदाहरण कॅटरिना. २८ ऑगस्ट २००५ ला ताशी २८० किलोमीटर, कॅटेगरी पाच. दुसऱ्या दिवशी लुइझियानाच्या किनाऱ्यावर २०५ च्या आसपास, तीन. वारा एका रात्रीत उतरला. पण पाच असताना त्याने जो समुद्र रेटायला घेतला होता तो रात्रीत थांबत नाही. मिसिसिपीच्या पास ख्रिश्चन गावात पाणी जवळपास २८ फूट चढलं. त्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ म्हाताऱ्यांनी १९६९ चं कमील पाहिलं होतं. ते धडकतानाच पाच होतं. त्यातून जे घर वाचलं त्याला हे काय करणार, अशा हिशेबाने लोक थांबले.

अजून एक जोडी जावयांना द्या. २००४ चं चार्ली, कॅटेगरी चार, पण आटोपशीर. किनाऱ्यावर पाणी चढलं सहा-सात फूट. २००८ चं आइक, टेक्ससमध्ये गॅल्व्हेस्टनला उतरलं तेव्हा कॅटेगरी दोन, ताशी ११० मैल, म्हणजे तीनच्या एक पायरी खाली. पण त्याचा वादळी वारा मध्यापासून चारशे किलोमीटरच्याही पुढे पसरलेला. बोलिव्हर द्वीपकल्पावर पाणी पंधरा ते वीस फूट. ओळीच्या ओळी घरं गेली, नुसते खांब राहिले.

तेव्हा पुढच्या वेळी त्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. आपला इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे घर सोडायच्या हुकमासाठी आखलेला पट्टा, कोणता. ए पासून पुढची ही अक्षरं आहेत आणि ती पाण्यावरून ठरलेली आहेत, वाऱ्यावरून नाहीत. आणि हरिकेन सेंटरच्या पत्रकात ‘स्टॉर्म सर्ज’, म्हणजे वादळाने चढवलेलं समुद्राचं पाणी, या शीर्षकाखाली आपल्या किनाऱ्यासमोर किती फूट लिहिलंय. २०१७ पासून पाण्याचा इशारा वेगळा निघतो. झोनला हुकूम आला की निघायचं, कॅटेगरी एक असो की चार. फार लांब जायचं नसतं, वीस-पंचवीस मैल आत, उंचावर, एखाद्या मित्राकडे. हॉटेल लागतंच असं नाही. टॅम्पात मराठी घरं काय कमी आहेत?

आणि किनाऱ्याजवळ वादळाचा जोर उतरतोच, असं मात्र त्यांनी कधीही धरून चालू नये. मायकल चढत चढत जमिनीवर आलं. २०२० चं लॉरा, २०२१ चं आयडा, दोन्ही ताशी २४० च्या वाऱ्याने लुइझियानात घुसली. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात ओटिस नावाचं वादळ सकाळी साधं होतं आणि मध्यरात्रीनंतर अकापुल्कोवर कॅटेगरी पाच होऊन पडलं. वादळ कुठे जाणार हे आता बरंच नेमकं सांगता येतं. किती बळावणार हे सांगताना मायामीतली मंडळीही जपून बोलतात.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. २०१२ च्या सँडीच्या वेळी ‘हे हरिकेन नव्हतंच’ असं ऐकलं. मग एवढं नुकसान कसं? आणि विमा कंपनीला त्याने काय फरक पडतो?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नव्हतं हे खरं आहे, पण थोड्याच वेळापुरतं. २९ ऑक्टोबरला संध्याकाळी किनाऱ्याला लागायच्या जरासं आधी हरिकेन सेंटरने सँडीला ‘पोस्ट-ट्रॉपिकल’ म्हटलं, कारण आतला गाभा गरम राहिला नव्हता, त्याचं थंडीतल्या वादळासारखं रूप झालं होतं. वारा तरीही ताशी १३० च्या आसपास होता आणि पसारा प्रचंड. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला पाण्याची पातळी चौदा फुटांवर गेली, भुयारी रेल्वेत समुद्र शिरला.

विम्याला फरक पडतो आणि भरपूर पडतो. बऱ्याच पॉलिसींत हरिकेनसाठी आपल्या खिशातून भरायची रक्कम वेगळी असते, ठरावीक डॉलर नव्हे तर घराच्या विमा रकमेच्या टक्क्यांत. पाच लाखांच्या घराला पाच टक्के म्हणजे पंचवीस हजार आधी तुमचे. सँडी उतरताना हरिकेन नव्हतं, म्हणून ही टक्केवारी लावायची नाही, असं न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी विमा कंपन्यांना बजावलं. लोकांचे पैसे वाचले. पण सँडीमुळे आणखी एक गोष्ट झाली : वादळाचा प्रकार बदलला तरी धोका असेपर्यंत हरिकेनचा इशारा चालू ठेवता यावा, असा नियम त्यानंतर केला गेला.

तुम्ही घराच्या पॉलिसीत एकच ओळ शोधा, पुराची. नेहमीच्या घरविम्यात पूर धरलेला नसतो. तो वेगळा घ्यावा लागतो आणि साधारण तीस दिवसांनी लागू होतो. वादळाला नाव मिळाल्यावर फोन करून उपयोग नाही.

प्रश्न : आमच्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग आलं. ते अमेरिकेच्या हिशेबाने कितवी कॅटेगरी?
– एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : भारतीय हवामान खात्याने निसर्गचा वारा किनाऱ्यावर ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत, असा सांगितला आणि त्याला ‘तीव्र चक्रीवादळ’ म्हटलं. अमेरिकेची एक नंबरची रेघ ११९ ला आहे. पण हे दोन आकडे शेजारी ठेवू नका. आपलं खातं तीन मिनिटांची सरासरी धरतं, अमेरिका एका मिनिटाची. एका मिनिटाची सरासरी नेहमी थोडी जास्त भरते, म्हणजे अमेरिकी मोजणीत निसर्ग त्या एक नंबरच्या रेघेला टेकतं किंवा ती ओलांडतं. आपल्या पायऱ्याही वेगळ्या : ६२ ला चक्रीवादळ, ८९ ला तीव्र, ११८ ला अति तीव्र, १६६ ला त्याहून वरची पायरी आणि २२१ ला सुपर सायक्लोन.

कुठल्याही मोजणीने निसर्ग लहानच ठरतं, आणि तरी श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. सॅफिरच्या यादीत घरं होती, पोफळ नव्हती. तिशी उलटलेली पोफळ, बुंधा दोन्ही पंजांत मावेल एवढा, वर जड शेंडा, एकमेकींच्या आडोशाने वाढलेल्या. पहिल्या काही पडल्या की उरलेल्यांचा आडोसा गेला. नव्या झाडाला सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात.

पुढचं वादळ येईल तेव्हा हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकात वाऱ्याच्या खाली समुद्राच्या लाटेचा वेगळा परिच्छेद असतो, भरतीच्या वर किती मीटर ते सांगणारा. निसर्गच्या वेळी रायगड, ठाणे, मुंबईसाठी तो एक ते दोन मीटर होता. टीव्हीवर तो क्वचितच येतो. खात्याच्या संकेतस्थळावर मिळतो, आणि त्याच्या शेजारी त्या दिवसाच्या भरतीची वेळ लिहून ठेवा.